‘रेड ऑक्साइड मारा, इपॉक्सी ही लूट’ : उघड्या पत्र्याबद्दलच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

जुनी मारुती, जिप्सी किंवा घरातली पहिली सँट्रो स्वतः उभं राहून रंगवून घेणाऱ्यांमध्ये एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. पाठवणाऱ्यागणिक शब्द बदलतात, गाभा असा असतो:

“पत्रा उघडा केला की हार्डवेअरच्या दुकानातून रेड ऑक्साइडचा डबा आणा आणि दोन जाड हात मारा. पूल ह्यानेच टिकतात, मग गाडीचं दार का नाही टिकणार? लाल ऑक्साइड गंज मारतो. कुठे गंज राहिलाच तर वरून रस्ट कन्व्हर्टर फिरवा, खरवडत बसू नका. गाडीच्या कंपन्यासुद्धा इपॉक्सी वापरत नाहीत. तो गॅरेजवाल्यांचा बिल फुगवायचा उद्योग आहे. अगदीच हौस असेल तर खाली वॉश प्रायमर, वर इपॉक्सी, म्हणजे डबल पकड. गन-कॉम्प्रेसर नसेल तर स्प्रेच्या डब्यातला इपॉक्सी घ्या, माल तोच.”

मजकूर सबंध खोटा असता तर एवढा चालला नसता. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, ब्रशने लागतो, घराच्या ग्रिलवर वर्षानुवर्षं टिकलेला प्रत्येकाने पाहिलेला असतो. अडचण अशी की ग्रिलवर त्याच्या वर काय चढतं आणि गाडीवर काय चढतं, हा प्रश्नच मजकुरात नाही. प्रायमर म्हणजे पत्र्यावर सगळ्यात आधी बसणारा थर; रेड ऑक्साइड आणि इपॉक्सी हे त्याचेच दोन प्रकार. तो निवडताना खाली कोणता धातू आहे आणि वर कोणता रंग येणार आहे, या दोन्हीकडे पाहावं लागतं. मजकूर दोन्हीकडे पाठ करून उभा आहे.

“पूल ह्यानेच टिकतात.” लाल पूल म्हटलं की स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल आठवतो. १८९० साली सुरू झालेल्या या पुलावर शंभराहून जास्त वर्षं रंगाचे थर चढत राहिले. एका टोकाला रंगारी पोचेपर्यंत दुसरं टोक पुन्हा रंगवायला आलेलं असतं, अशी त्याची ख्याती होती. २००२ ते २०११ या काळात तिथे ते सगळे जुने थर ब्लास्टिंगने, म्हणजे जोराने कणांचा मारा करून, पोलादापर्यंत उतरवले आणि तीन थरांची नवी रचना केली: झिंकवाला प्रायमर, त्यावर काचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा इपॉक्सी, सर्वांत वर पॉलियुरेथेन. ही पद्धत उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवरून आलेली. शेवटचा रंग मात्र पूर्वीचाच लाल ठेवला. लांबून बघणाऱ्याला तो अजूनही रेड ऑक्साइड मारलेला पूलच वाटेल.

शिवाय पुलाचं पोलाद जाड असतं. त्यावर अर्धा मिलिमीटर गंज चढला तर नोंद होते, दुरुस्तीची तारीख पडते. गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा मुळातच पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे अर्धा मिलिमीटर गेला की बोट आरपार.

“लाल ऑक्साइड गंज मारतो.” डब्यातला लाल रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड. स्वस्त, पक्का, उन्हाला न उडणारा, आणि रासायनिकदृष्ट्या आळशी. तो गंजाला काहीही करत नाही. पोटात भर घालतो, पत्रा झाकतो, तेवढंच त्याचं काम. समज कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो. पूर्वी लोखंडी कामावर रेड लेड, म्हणजे शिशाचा शेंदूर, जवसाच्या तेलात घोटून लावत. तो खरोखर गंज रोखत असे, कारण शिसं आणि तेल मिळून तयार होणारी संयुगं पत्र्याच्या पृष्ठावर काम करतात. शिसं विषारी म्हणून तो मागे पडला, लाल रंग तेवढा राहिला आणि त्याची पुण्याई नव्या डब्याच्या खात्यावर जमा झाली.

आपल्याकडे आयएस २०७४ या मानकाचा जो रेड ऑक्साइड प्रायमर मिळतो, त्याचं पूर्ण नाव रेड ऑक्साइड-झिंक क्रोम आहे. त्यात गंज रोखण्याचं काम झिंक क्रोमचं. म्हणजे मजकुराचा दावा खरा ठरलाच तर तो लाल ऑक्साइडमुळे ठरत नाही. आणि झिंक क्रोममध्ये सहासंयुजी क्रोमियम असतं, जे कर्करोगाला कारण ठरतं. असा प्रायमर कोरडा घासून त्याची धूळ श्वासात घेणं हा वेडेपणा आहे. दुकानातल्या प्रत्येक लाल डब्यात ते असतंच असंही नाही. पुष्कळ डब्यांत नुसता ऑक्साइड आणि रेझिन, म्हणजे रंग पत्र्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. लेबल वाचल्याशिवाय ‘रेड ऑक्साइड’ या दोन शब्दांवरून आत काय आहे ते कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. रंग कोणताही असो, रेझिन कोणतं हे महत्त्वाचं. रेड ऑक्साइडचं रेझिन बहुतेक वेळा अल्किड असतं, वनस्पती तेलांतल्या आम्लांपासून केलेलं. थिनर उडाला की तो हाताला सुका लागतो. पण खरा कडक होतो तो हवेतला ऑक्सिजन शोषून, आणि ऑक्सिजन आत शिरतो वरून. हात जितका जाड, तितकी खालची बाजू जास्त दिवस कच्ची. ‘दोन जाड हात’ हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. वरची साय कडक आणि खाली मऊ, अशा थरावर पेंटर दुसऱ्या दिवशी टू-के (हार्डनर मिसळून कडक होणारा, दोन भागांचा) सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा भरीचा थर, किंवा लॅकर मारतो. त्यातले थिनर जहाल असतात. ते साय भेदून खाली जातात, कच्चा थर फुगतो आणि डोळ्यांदेखत सुरकुत्या उठतात. मग सगळं खरवडून पुन्हा शून्यापासून. कधी सुरकुत्या उठत नाहीत, काम निभावल्यासारखं वाटतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी घासण्याच्या रेघा वरच्या चकाकीतून दिसू लागतात, कारण खालचा थर अजून आक्रसतोच आहे.

ग्रिलवर असं का होत नाही? तिथे वर सिंथेटिक इनॅमल येतो. तोही अल्किडच, त्याचा थिनर सौम्य टर्पेंटाइनच्या जातीचा. दोघे एकाच घरातले. ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रकचा फाळका, गेट, पाण्याच्या टाकीचा स्टँड या सगळ्यांना रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल हे ठीक काम आहे. कुणी जुन्या जीपची चासी ब्रशने इनॅमलने रंगवणार असेल तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. वाद बेसकोट-क्लिअरच्या, म्हणजे गाडीच्या रंगाच्या आणि त्यावरच्या पारदर्शक चकाकीच्या थरांच्या, खाली तोच डबा ओतण्याशी आहे.

दुसरी गोम पत्र्यात आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या बाहेरच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. अल्किड जस्तावर टिकत नाही. जस्ताच्या पृष्ठावर ओलावा आला की तिथे अल्कधर्मी क्षार तयार होतात, आणि तेलातल्या आम्लांचं अल्कलीशी जे होतं ते इथेही होतं: साबण. सरळ रसायनशास्त्र आहे, अलंकार नाही. रंगाच्या तळाशी झिंकच्या साबणाचा पातळ थर बनतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सोलून येतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांच्या शेडवर असे लोंबणारे पापुद्रे एमआयडीसीत कुठेही दिसतात.

आणि जस्त नसलेल्या साध्या पोलादावरही हाच साबण शेवटी गाठतो. खडी उडाली, रंगाचा टवका निघाला, पत्रा उघडा पडला. तिथे पाणी आणि मीठ पोचलं की मधोमध लोखंड विरघळू लागतं आणि शेजारी, रंगाच्या कडेखाली, ऑक्सिजनपासून अल्कली तयार होते. ही अल्कली अल्किडचे बंध तोडते, कड उचलली जाते, पाणी आणखी आत शिरतं. रंगाखाली गंज ‘चालत’ जातो तो असा. टू-के इपॉक्सीचे मुख्य बंध या अल्कलीला दाद देत नाहीत. टवका पडला तर त्या जागी गंज धरेलच, कोणताही प्रायमर ते टाळू शकत नाही. पण तो टवक्यापुरता राहतो, वीतभर पसरत नाही. इपॉक्सीचं मोल इथे आहे. ‘पकड चांगली’ हे लोक सांगतात ते खरं आहेच, पण कडेखालून न सरकणं हा त्याचा मोठा गुण, आणि तो काम झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात कळतो. तोवर पेंटरला विचारायला कुणी जात नाही.

“गाडीच्या कंपन्यासुद्धा इपॉक्सी वापरत नाहीत.” हे तर निखालस चूक. कारखान्यात बॉडी आधी धुऊन तिच्यावर झिंक फॉस्फेटचा स्फटिकी थर चढवतात. मग अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवतात. कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन, कारखान्याच्या भाषेत सीईडी किंवा ईडी कोट. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो जगभर पसरला. त्याचं रेझिन मुळात इपॉक्सीच असतं. जाडी साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि भट्टीत १६० ते १८० अंशांना भाजलेला. दारांच्या आतल्या पोकळ्यांत, जिथे गन पोचत नाही, तिथेही तो चढतो. गॅरेजमध्ये हौद नाही, भट्टी नाही, म्हणून हवेवर वाळणारा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर हा त्याचा जवळचा पर्याय. त्याहून बरं काही आपल्या हातात नाही.

यातून एक गोष्ट निघते जी मजकूरवाले आणि इपॉक्सीचे भक्त दोघेही विसरतात: कंपनीचा ईडी कोट शाबूत असेल तर तो उतरवू नका. ‘पूर्ण गाडी पत्र्यापर्यंत उघडी करून केलं’ हे काही गॅरेजांत अभिमानाने सांगतात. जिथे गंज आहे, जिथे जुनी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) उचलली आहे, जिथे रंगाचे आठ थर साचले आहेत, तिथे उघडा. बाकी ठिकाणी भाजलेला प्रायमर घासून टाकून त्या जागी हवेवर वाळलेला लावणं म्हणजे तोटाच.

नवा बोनेट किंवा फेंडर विकत आणला तर तो काळा असतो. अस्सल सुट्या भागावर तो काळा थर ईडी कोटच असतो. ३२० नंबरच्या पेपरने घासून, चकाकी घालवून त्यावर पुढचं काम होतं. बाजारातल्या स्वस्त पॅनेलवर मात्र काही वेळा वाहतुकीपुरता साधा काळा रंग असतो. थिनरची चिंधी मिनिटभर ठेवून घासा. चिंधी काळी झाली, थर मऊ पडला, तर तो सगळा उतरवायचा आणि पत्रा उघडा समजून सुरुवात करायची.

“गंज राहिला तर कन्व्हर्टर फिरवा.” कन्व्हर्टर दोन जातींचे: टॅनिनवाले आणि फॉस्फोरिक आम्लवाले. टॅनिन लोखंडाच्या गंजाशी मिळून काळं संयुग देतं. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई करत, ती हीच रसायनक्रिया. म्हणजे कन्व्हर्टर ही थाप नाही. पण तो जिथवर भिजतो तिथवरच काम करतो. पत्र्यात खड्डे पडले असतील तर खड्ड्याच्या तळाशी गंजाच्या पापुद्र्याखाली तो पोचत नाही. वरून सगळं सुंदर काळं दिसतं आणि तळात मीठ जिवंत राहतं. मीठ असलं की रंगाच्या थरातून पाणी हळूहळू ओढलं जातं आणि फोड येतात. गणपतीपुळे-दापोलीकडच्या गाड्यांच्या दारांच्या खालच्या कडांना दिसतात तसे.

फॉस्फोरिकवाल्याची अडचण वेगळी. न धुतलेलं आम्ल पत्र्यावर राहिलं आणि वर इपॉक्सी मारला तर इपॉक्सीचा हार्डनर, जो अमाइन म्हणजे अल्कधर्मी असतो, त्याच्याशी आम्लाची गाठ पडते आणि तळचा थर नीट पिकत नाही. म्हणून गंज हा यांत्रिक रीतीनेच काढायचा: ग्राइंडरवर स्ट्रिपिंग डिस्क, खड्ड्यांसाठी वाळूचं किंवा ग्रिटचं ब्लास्टिंग. मोठ्या सपाट पत्र्यावर जोरात ब्लास्टिंग केलं तर पत्रा वाकतो, हे मात्र आधी बोलून घ्यावं. खड्डे इतके खोल असतील की ब्लास्टिंगनंतर उजेड दिसतो, तर प्रश्न प्रायमरचा राहिलाच नाही. तुकडा कापून वेल्डिंग करा. कन्व्हर्टर मी फक्त अशा जागी मान्य करीन जिथे ना पेपर पोचतो ना डिस्क. बॉक्स सेक्शनच्या, म्हणजे बॉडीतल्या बंद पोकळ भागांच्या, आत वगैरे.

“खाली वॉश प्रायमर, वर इपॉक्सी, डबल पकड.” वॉश प्रायमर किंवा एच (इंग्रजी etch) प्रायमर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी घडला. पॉलिव्हिनिल ब्युटिरल रेझिन, झिंकचं क्रोमेट आणि वेगळ्या बाटलीत फॉस्फोरिक आम्ल. आम्ल धातूला किंचित खातं, तिथेच फॉस्फेट बनतं आणि रेझिन त्यात रुतून बसतं. थर इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. ८ ते १३ मायक्रॉन. ॲल्युमिनियमवर आणि जस्तावर तो फार चांगला.

पण त्याच्यात आम्ल आहे, आणि वर सांगितलेली आम्ल-अमाइनची गाठ इथेही पडते. म्हणून बहुतेक इपॉक्सी प्रायमरच्या तांत्रिक पत्रकात उघडा, घासलेला धातू हवा असं लिहिलेलं असतं, एच प्रायमरवर नको. लांबीचंही तेच. पॉलिएस्टर लांबी पेरॉक्साइड हार्डनरने कडक होते, आम्लावर ती नीट धरत नाही. त्यामुळे खाली एच, वर लांबी हे काम हमखास उचलतं. कुठल्या कंपनीची जोडी याला अपवाद असेल तर ती त्यांच्याच पत्रकात लिहिलेली सापडेल. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दोन चांगल्या गोष्टी एकावर एक ठेवल्या की दुप्पट चांगलं होतं, हा हिशेब रंगात चालत नाही. एचला जागा कुठे? काम संपत आलं असताना घासता घासता कडेला किंवा बॉडी लाइनवर रुपयाएवढा पत्रा उघडा पडतो, तिथे. एक पातळ फवारा, दहा-पंधरा मिनिटं, मग सरफेसर.

मजकुरात जे लिहिलेलं नाही त्याने जास्त कामं बिघडतात. प्रायमर कोणता यावर माणसं तासभर भांडतील आणि पत्रा पेट्रोलच्या बोळ्याने पुसून मोकळी होतील. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही मागे तेलकट अंश ठेवतात. त्यासाठी वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर असतो. एका फडक्याने ओलं करायचं आणि ते उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने फिरवत राहिलं तर मळ जागा बदलतो, जात नाही. हे घासण्याआधी एकदा आणि घासल्यावर एकदा. आधी न पुसता घासलं तर तेल आणि सिलिकॉन पॉलिश रेघांच्या तळाशी दाबलं जातं.

घासणं कोरडंच, ८० ते १२० नंबरचा नवा पेपर. गुळगुळीत चकचकीत पत्रा सुंदर दिसतो, पण इपॉक्सीला रुतायला रेघा लागतात. ४०० नंबरने आरसा केलेल्या पत्र्यावर सगळ्यात महाग प्रायमरही नखाने निघतो. पाणी मारून घासायची आपल्या पेंटरांची सवय जुन्या रंगावर ठीक, उघड्या पत्र्यावर नाही. पाणी सुकेपर्यंत पिवळसर झाक आलेली असते. कोकणात, मुंबईत तर घासून ठेवलेला पत्रा रात्रभर तसाच राहिला तर सकाळी पुन्हा घासावा लागतो. घासलं त्याच दिवशी, शक्य तर त्याच अर्ध्या दिवसात प्रायमर चढला पाहिजे. उघड्या हाताने पत्रा चाचपू नका. घामाचे ठसे पुढे गंजून उमटतात, पाच बोटांसकट.

आणि हवा. पोलादावर रंग चढवणाऱ्या सगळ्या मोठ्या कामांत नियम असतो: पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन बसतो त्याच्या) किमान ३ अंश वर, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. जुलैतली रत्नागिरी घ्या. हवा २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे सावलीतल्या पत्र्याला जेमतेम २ अंशांची मोकळीक. त्यावर पेंटर भराभर उडणारा स्वस्त थिनर मारतो. थिनर उडताना पत्रा गार करतो, ती २ अंशांची मोकळीक संपते आणि ओल्या प्रायमरवर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. इपॉक्सीत असं झालं की हार्डनरचा अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी मिळून वर मेणचट थर सोडतो; तो धुऊन, घासून काढला नाही तर पुढचा कोट त्यावर घसरतो. तीच आर्द्रता ७५ टक्क्यांवर आली तर दवबिंदू २२ अंशांच्या आसपास उतरतो, आणि काम निर्धास्त होतं. पावसाळ्यात करायचंच असेल तर दुपारी, शेड बंद करून, हॅलोजनने पत्रा थोडा उबदार ठेवून करा. बोनेटवर मोबाइल ठेवून हवामानाचं ॲप बघण्यात कमीपणा नाही.

हार्डनरबद्दल एक गैरसमज मजकुरात नाही, पण गॅरेजात रोज भेटतो: ‘लवकर सुकायला थोडा जास्त घाल’. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांना मोजून बांधले जातात. जास्तीचा हार्डनर बांधला न जाता थरात तसाच राहतो, पाणी ओढतो आणि थर मऊ ठेवतो. मापाचा ग्लास दहा-वीस रुपयांत मिळतो. काही इपॉक्सी मिसळल्यावर १५ ते ३० मिनिटं तसेच ठेवायचे असतात, मग गनमध्ये. ते डब्याच्या पत्रकात असतं, आणि पत्रक बहुधा दुकानातच राहतं.

इपॉक्सी अमर नाही, हेही त्याच्या भक्तांनी ऐकायला हवं. ऊन त्याला सोसत नाही. तो खडूसारखा भुकटतो. ‘आता इपॉक्सी मारलाय, दिवाळीपर्यंत अंगणात राहू दे’ हे चालणार नाही. शिवाय प्रत्येक इपॉक्सीला पुढचा कोट न घासता मारण्याची मुदत असते, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत. ती उलटली की पूर्ण घासल्याशिवाय वर काही धरत नाही. आणि तो खड्डे भरत नाही. भरायला पीयू (पॉलियुरेथेन) सरफेसर असतो, तो इपॉक्सीच्या वर. सरफेसरमध्ये घासायला सोपं जावं म्हणून टाल्कची भर असते, त्यामुळे तो ओलावा शोषतो. उघड्या पत्र्यावर थेट सरफेसर मारून गाडी आठवडाभर पावसात ठेवणं हे रेड ऑक्साइडपेक्षाही वाईट.

लांबी आधी की प्रायमर आधी, यावर लोक तलवारी काढतात. बहुतेक पॉलिएस्टर लांब्या घासलेल्या उघड्या पत्र्यावर थेट लावायला चालतात, त्यांच्या पत्रकात तसं असतं. आपल्या दमट हवेत मी इपॉक्सी आधी आणि त्यावर लांबी म्हणेन, कारण लांबी सच्छिद्र असते आणि तिच्या मागे पत्रा उघडा असू नये. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत, बंद शेडमध्ये, दोन दिवसांत काम संपणार असेल तर दुसरी पद्धतही निभावते.

स्प्रेच्या डब्याचा मुद्दा लवकर संपतो. साध्या डब्यावर ‘इपॉक्सी’ लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा इपॉक्सी एस्टर असतो. तो तेलाच्या आम्लांचाच नातेवाईक, हवेवर सुकणारा, हार्डनर नसलेला. तळाशी बटण असतं, ते दाबून आतली हार्डनरची कुपी फोडावी लागते आणि मग काही तासांत किंवा दिवसांत डबा संपवावा लागतो, असा टू-के डबा वेगळा आणि बराच महाग. तो खरा इपॉक्सी.

तोंडावर रुमाल बांधून यातलं काहीही मारू नये. इपॉक्सीचा हार्डनर त्वचेला एकदा चावला की पुढे आयुष्यभर चावतो, आणि पीयू सरफेसर-क्लिअरमधल्या आयसोसायनेटने पेंटरांना दमा जडतो. हातमोजे हवेतच. आयसोसायनेटसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा.

राहिला ‘बिल फुगवायचा उद्योग’. हिशेब करून पाहू. दाराची बाहेरची बाजू एक चौरस मीटर धरा. कोरडा थर ५० मायक्रॉन हवा आणि मिसळलेल्या प्रायमरचा घनभाग निम्मा असेल तर ओला थर १०० मायक्रॉन, म्हणजे १०० मिलिलिटर. गनमधून निम्मा माल हवेत गेला असं धरलं तरी दाराला २०० मिलिलिटर. एका लिटरच्या संचात चार दारं बाहेरून होतात आणि थोडा उरतो. रेड ऑक्साइडशी तुलना करता फरक पडतो तो एवढ्याच मालाचा; घासणं, पुसणं, मास्किंग, गन धुणं ही मजुरी दोन्हीकडे सारखी, आणि बिलात तीच मोठी. इपॉक्सी मारल्यामुळे बिल दुप्पट झालं असं कुणी सांगत असेल तर दुप्पट झालेलं काहीतरी दुसरंच आहे.

मजकुराच्या या तक्रारीत तथ्य आहे ते वेगळ्या जागी. इपॉक्सीचे पैसे लावून एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, नुसता थिनर उडून सुकणारा प्रायमर मारणारी गॅरेजं आहेत, आणि दोन्ही राखाडी असल्याने डोळ्यांना फरक कळत नाही. चिंधीला कळतो. प्रायमर मारून एक-दोन दिवस झाले की, लांबी लावण्याआधी, गाडी बघायला जा. पांढऱ्या कापडावर लॅकर थिनर घेऊन एका कोपऱ्यात वीस-पंचवीस वेळा जोर देऊन घासा. पिकलेला टू-के इपॉक्सी फार तर थोडा मंद होतो, कापड जवळपास पांढरंच राहतं. एन.सी. असेल तर राखाडी रंग ढळढळीत कापडावर येतो आणि खाली पत्रा दिसू लागतो. तसं झालं तर काम तिथेच थांबवा. या टप्प्यावर तो उतरवायला अर्धा दिवस लागतो. क्लिअर चढल्यावर लांबीसकट सगळंच उतरवावं लागतं, आणि ते पैसे कोण देणार यावर भांडण होतं ते वेगळंच.